आक्काच्या पाठीवरचा भोपळा

आमचे दादा पाण्याला भ्यायचे, पण ही गोष्ट घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. दादा म्हणजे आमचे वडील. पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीवर आलेले, भरघोस मिशांचे, आवाज असा की वेशीवरून हाक मारली तर घरातली म्हैस उठून उभी राहायची. बर्फात राहिलोय, गोळ्या सुटत असताना घोरलोय, असं ते स्वतःच सांगायचे. पण आंघोळीला डोक्यावर तांब्या ओतून घेताना डोळे गच्च मिटायचे, श्वास धरायचे, आणि विहिरीच्या काठावरून कधी वाकून बघायचे नाहीत. आई एकदाच म्हणाली, "आवं, इतकी वर्सं सरकारनं तुमाला ठेवलं तरी कुठं हुतं? वाळूत?" त्यावर दादा दोन दिवस तिच्याशी फक्त हिंदीत बोलले. राग आला की ते हिंदीत बोलायचे. आईला हिंदी कळायचं नाही, त्यामुळे भांडण वाढायला जागाच उरायची नाही.

तसं पाहिलं तर आमच्या गावात पाण्याला भ्यायचं काही कारण नव्हतं, कारण पाणीच नव्हतं. कवठे महांकाळच्या बाजूचं कोरडं गाव आमचं. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती, पण विहिरींना ते कुणी कळवलं नव्हतं. आमच्या घरी सकाळ व्हायची ती कोंबड्यानं नाही, आक्काच्या घागरींनी. माझी थोरली बहीण आक्का अंधारातच उठायची, दोन घागरी एकीत एक घालून उचलायची, आणि त्या पितळेचा एक बारीक किणकिण आवाज माझ्या गोधडीत शिरायचा. मी गोधडी डोक्यावरून घ्यायची. मी शाळेतली, हुशार, बडबडी, कामाला चुकार. आक्का शाळेत गेली ती कळती होईपर्यंत, मग लांबच्या विहिरीच्या वाटेला लागली ती कायमची. डोक्यावर दोन, कडेवर एक. तिची मान इतकी सरळ झाली होती की बाया म्हणायच्या, सुभेदाराची पोरगी कवायतीतच चालती. घरात भांडी घासलेलं पाणी भाजीच्या वाफ्यात जायचं, तोंड धुतलेलं म्हशीच्या अंगावर. मी एकदा अर्धा तांब्या अंगणात उगीच ओतला, तर आक्कानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवला की पाठ ताठ होते. एरवी ती कुणाला मोठ्यानं बोलायची नाही. हसायची सुद्धा पदर तोंडाला लावून, आवाज न करता.

अशा घरात एके दिवशी गणूमामा आला. आईचा धाकटा भाऊ, कुंडलचा. तेव्हा बेलबॉटमची साथ आली होती, आणि ती मामाला सगळ्यांत आधी लागली होती. त्याच्या विजारीची खालची रुंदी बघून आई म्हणायची, "गण्या, ह्यात परकर शिवून व्हईल रं." मामा स्थळ घेऊन आला होता. पोरगा निर्व्यसनी, नाव मारुती, कृष्णेकाठची मळीची जमीन, ऊस, वांगी, घरचं गुऱ्हाळ. दादा मिशीवरून हात फिरवत ऐकत होते, आई चुलीपुढून मान वळवून ऐकत होती, आणि आक्का भाकरी थापता थापता थांबली होती.

"फकस्त एक हाय बगा, दाजी," मामा म्हणाला.

"काय?"

"घर बेटावर हाय."

दादांनी शेजारी चालू असलेला ट्रांझिस्टर बंद केला. मामानं समजावून सांगितलं. कृष्णा एका ठिकाणी फुटून दोन धारांनी जाते, पुढं पुन्हा एक होते, आणि मध्ये राहिलेल्या जमिनीवर आठ-दहा घरांची वस्ती आहे. जांभळीचं बेट म्हणतात. येणं-जाणं पाण्यातूनच. मागं दोन-तीन सुना लग्न होऊन आल्या आणि पहिलंच पाणी चढलेलं बघून माहेरी पळाल्या, तेव्हापासून बेटावर पद्धत पडली: मुलीला बघायला ते जात नाहीत, मुलीनंच आधी येऊन बेट बघायचं. मगच पुढची बोलणी.

"पोरीनं जायाचं?" दादा म्हणाले. "उलटंच हाय की!"

"बगायला काय जातंय, आवं," आई म्हणाली.

तेवढ्यावर दादा तयार झाले. का, ते आम्हाला पुढं कळलं. जाऊन, बघून, नाही म्हणून सांगायचं, म्हणजे बायकोचाही मान राहिला आणि मेव्हण्याचाही, असा त्यांचा हिशेब होता. आई म्हशीसाठी मागं राहिली. मी मात्र रडून, न जेवून, शेवटी "आक्काला सोबत नगं व्हय?" असं म्हणून निघालेच.

एसटीनं, मग मामाच्या ओळखीच्या बैलगाडीनं आम्ही नदीवर पोचलो. थंडी सरत आली होती, शाळू हुरड्याला आला होता. मी नदी त्याआधी पुलावरून धावत्या एसटीतून बघितली होती, पण अशी पायाशी कधी नव्हती. पलीकडं झाडांचा नुसता हिरवा ढीग आणि त्यातून वर निघालेला गुऱ्हाळाचा धूर. मला काय झालं कोण जाणे, मी काठावर उड्या मारायला लागले. कारणच नव्हतं. आक्का मला दटावायला वळली, आणि तिच्याही चपलेतले पाय वाळूत उगीचच पुढं-मागं होत होते.

मग पलीकडून आम्हाला न्यायला आलं ते वाहन बघून दादांचा चेहरा पडला. ती नाव नव्हती. ती काहील होती. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती भली मोठी लोखंडी कढई. जुनी झालेली, बुडाला एक ठिगळ मारलेली, चुलवाणावरून निवृत्त होऊन नदीत नोकरीला लागलेली. नाव म्हणे फक्त पावसाळ्यात काढायची, एरवी हीच. तीत एक सावळा, उंच, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेला माणूस उभा होता आणि हातातल्या वल्ह्यानं ती गोल गोल फिरवत आमच्याकडं आणत होता.

दादा काहिलीत चढले ते मामाच्या खांद्यावर सगळा भार टाकून, आणि बसले ते थेट तळाशी, मांडी घालून, दोन्ही हातांनी कडा धरून. आम्ही तिघं बसलो. काहील निघाली आणि लगेच फिरायला लागली. आता समोर बेट, आता समोर आमचा काठ, आता पुन्हा बेट.

"ए जवान!" दादा ओरडले. "सीधा चलाव!"

"काहील सरळ जात न्हाई, सायेब," तो माणूस शांतपणे म्हणाला. "तिला फिरत फिरतच जाऊ द्यायचं. पोचती."

"पोचती म्हंजे? ध्यान कुठं हाय तुझं? दाहिने! अरे दाहिने!"

दाहिने कुठलं, क्षणाक्षणाला बदलत होतं ते. मामाची बेलबॉटम बुडाच्या पाण्यात भिजून दोन पोत्यांसारखी झाली होती. मला हसू फुटलं. दाबलं तसं जास्त फुटलं. मग मामाला फुटलं. आक्का मान खाली घालून पदरात हसत होती आणि तिचे खांदे गदगदत होते. दादा एकटे डोळे मिटून हिंदीत बोलत होते, आणि तो वल्हेवाला त्यांच्या प्रत्येक हुकुमाला "व्हय सायेब" म्हणून जसं चालवायचं तसंच चालवत होता. काठाला लागल्यावर दादांनी आधी जमिनीवर दोन्ही पाय ठेवले, मिशा सारख्या केल्या, आणि मोठ्यानं मामाला विचारलं, "ह्या गड्याला काय द्यायचं?"

"काय द्यायचं म्हंजे?" मामा म्हणाला. "दाजी, ह्योच पोरगा!"

मारुतीनं वल्हं खाली ठेवून दादांच्या पाया पडून घेतलं. दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण काय बोलावं ते त्यांना कुठल्याच भाषेत सुचेना.

बेटाबद्दल मी आजवर इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या सुना मी "जांभळीचं" एवढं म्हणताच भांडी आवरायला उठतात. उठू देत. त्या बेटावर रस्ता नव्हता, सायकल नव्हती, धूळ नव्हती. होत्या त्या पायवाटा, दोन्ही बाजूंनी वांग्याचे, मिरचीचे वाफे, आणि कडेनं जांभळी, उंबर, करंज, इतके वाकलेले की फांद्यांची टोकं पाण्यात. त्या टोकांना सुगरणीचे खोपे लोंबकळत होते. उसात बगळे उभे होते आणि माणूस जवळ गेला तरी उडत नव्हते, नुसते बाजूला सरकायचे. आणि शांतता. आमच्या गावातही शांतता असायची, पण ती दुपारी सगळे थकून पडल्याची. इथं सगळ्या बाजूंनी पाण्याचा बारीक आवाज येत होता आणि त्यात माणसं हळू बोलत होती, घाई नसल्यासारखी. गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास यायचा आणि जिभेला आपोआप गोड लागायचं. मी पळत बेटाला वेढा घातला. जिथून निघाले तिथंच परत आले, आणि त्याचंच मला इतकं नवल वाटलं की मी दुसऱ्यांदा पळाले.

आम्हाला सांभाळायला मारुतीची थोरली भावजय होती, पारूवहिनी. गोल चेहऱ्याची, बोलकी, चालता चालता शेंगा फोडून खाणारी. आक्कानं तिला पहिला प्रश्न विचारला तो घराचा नाही, माणसांचा नाही.

"पाणी कुठनं आणतासा?"

पारूवहिनी आधी समजलीच नाही. मग इतकी हसली की तिला उंबराला टेकावं लागलं. "अगं बाई, कुठनं म्हंजे? परसदार उघडायचं!" तिनं परसदार उघडलं. तीन पायऱ्या आणि खाली कृष्णा. पायऱ्यांवर एक घागर पालथी पडली होती. आक्का खाली उतरली. पाय बुडवले. मग तिनं घागर भरली, उचलली, कडेवर घेतली, आणि उभी राहिली. आता ती वर येणार असं मला वाटलं. तर तिनं ती घागर तशीच तिरकी केली आणि सगळं पाणी पुन्हा नदीत ओतून दिलं. पुन्हा भरली. पुन्हा ओतली. भरलेली अख्खी घागर, उगीच! अर्ध्या तांब्यासाठी मला धपाटा घालणारी ही बाई! आणि मग ती हसली, पदर न लावता, मोठ्यानं, डोकं मागं टाकून. आक्काचं हसणं कसं ऐकू येतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आक्का पायऱ्यांवरच रमली होती, आणि वर वळचणीला मला ते भोपळे दिसले. वाळवून कडक केलेले दुधी भोपळे, दोरीनं ओळीत टांगलेले. पोहायला शिकताना पाठीला बांधायचे. पारूवहिनी बोटानं दाखवत गेली: ह्यो सासूबाईंचा, ह्यो माजा, ह्यो धाकट्या पोराचा. बेटावर ज्याचा त्याचा भोपळा असायचा, पोहता आलं तरी मोडीत काढायचा नाही. ओळीच्या शेवटी एक नवा, पिवळा, कोऱ्या सुतळीचा भोपळा जरा लांब टांगला होता.

"ह्यो कुणाचा?"

"येणारीचा," पारूवहिनी म्हणाली आणि आवाज खाली आणला. "पावणे निघाले की आमी ह्यो काठावर नेऊन ठेवतो. कुणी कायबी बोलायचं न्हाई. पोरीच्या बाला पसंत असलं तर त्यो उचलून पोरीच्या पाठीला बांधतो. बांधला की सोयरीक पक्की, साखरपुडा मागनं. आन न्हाई बांधला तर न्हाई. तोंडानं न्हाई म्हणायची पाळी कुणावर नगं. माज्या बानं माज्या पाठीला बांधला, त्यो ह्यो."

"मग आमच्या दादांना सांगितलंय?"

"आमी सांगायचं नसतं. ते मधल्या माणसाचं काम. तुज्या मामानं सांगितलं आसंलच की."

मामा त्या वेळी जांभळीखाली आडवा होता. जेवणात मळीच्या वांग्यांचं भरीत, हिरव्या मिरचीचा खरडा, दही, ज्वारीची भाकरी आणि वर काकवी होती. त्याआधी हुरडा झाला होता. मामानं कशालाच नाही म्हटलं नव्हतं. दादा त्याच्या शेजारी ताठ बसले होते आणि मी बुंध्याच्या मागं, माझ्या आवडीच्या ठिकाणी, म्हणजे मोठ्यांचं बोलणं ऐकू येईल अशी.

"गणू," दादा म्हणाले, "माणसं झ्याक हायती. पोरगाबी शांत हाय, मी एवढा वराडलो तरी उलटा बोलला न्हाई. पन न्हाई म्हणून सांग त्यास्नी."

"का वो, दाजी?"

"पोरगी पाण्यात द्यायाची न्हाई मला. पलटणीत असताना माज्यासमोर दोघं जण गेले, नदी वलांडताना. हात पुढं केला हुता मी. पोचला न्हाई." त्यांनी नदीकडं पाठ करून घेतली. "लेकीला सासरी घालून मी रातभर पाण्याचा आवाज ऐकत बसू व्हय, तिकडं कवठ्यात?"

मामानं "बरं" म्हटलं की जांभई दिली ते मला नीट कळलं नाही. भोपळ्याबद्दल तो काही बोलला नाही, एवढं मात्र मी कान टवकारून ऐकलं. मी आक्काला शोधायला गेले. ती परसदारी पायऱ्यांवरच बसली होती, पाय पाण्यात सोडून. मी तिला सांगितलं, दादा नाही म्हणतायत. तिनं पाय पाण्यातून वर काढले, पदरानं पुसले, एकेक बोट नीट पुसलं, आणि चपला घातल्या. दिवसभराची माझी सगळी मजा तिथं एका क्षणात खाली बसली.

दुपार कलली तसं वारं सुटलं. आम्ही काठावर आलो तेव्हा सकाळची ती गुळगुळीत नदी सगळी खवल्यांची झाली होती आणि काहील बांधल्या जागी खालीवर होत होती. निरोप द्यायला अख्खं बेट जमलं होतं. आणि काहिलीशेजारी वाळूवर, कुणी मुद्दाम ठेवलाय असं न वाटेल इतक्या बाजूला, तो पिवळा भोपळा होता. सगळे कुठंही बघत होते, फक्त भोपळ्याकडं सोडून. मारुतीची आई तर आभाळाकडं बघत होती.

"वारं हाय, जड नगं. एका खेपंला तिघं," मारुती म्हणाला. मग मामानं मागं राहायचं ठरलं. मी काहिलीत चढले, आक्का चढली आणि समोरच्या कडेला बसली. दादा एक पाय आत, एक पाय वाळूत, असे थांबले. एक लाट आली, काहील कलली, आक्काचा हात कडेवरून सुटला आणि पुन्हा धरला गेला. दादांचा चेहरा मी जवळून बघितला. सगळा रंग उतरला होता. त्यांनी पाण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आक्काकडं बघितलं, आणि मग त्यांची नजर वाळूवर गेली.

दादांनी भोपळा उचलला.

माझं तोंड उघडलं. मला एवढंच म्हणायचं होतं, "दादा, त्याचा अर्थ..." आणि मी, जिला शाळेत बाकावर उभं करून सुद्धा गप्प बसवता आलं नाही, त्या मी तोंड मिटलं. दोन्ही ओठ दातांत धरले.

"धाकटीला मी धरतो," दादा स्वतःशीच पुटपुटत होते. "थोरलीला ह्यो असू दे." आणि काहिलीत गुडघ्यावर बसून त्यांनी तो भोपळा आक्काच्या पाठीला लावला, सुतळी काखेतून घेतली, छातीवर फुली केली, मागं नेली, ओढून बघितली, आणि पलटणीतली ती पक्की गाठ मारली. आक्का हलली नाही. तिला काही ठाऊक नव्हतं. बाप सांगतो तशी ती हात वर करून बसली होती.

काठावर एकदम गलका उठला! कुणीतरी रॉकेलचा रिकामा डबा बडवायला घेतला. पोरं नाचायला लागली. पारूवहिनी "बांधला गं बाई, बांधला!" म्हणून दोन्ही हात वर करून गोल फिरली. मारुतीची आई पळत घराकडं गेली आणि हळदीची वाटी घेऊन पळत आली, आणि तिनं मूठभर हळद काहिलीवर उधळली ती दादांच्या मिशीत, माझ्या डोळ्यांत, सगळीकडं. मामा जागा झाल्यासारखा बघत होता आणि त्याचा जबडा खाली पडला होता.

"काय माणसं हायती!" दादा भारावून म्हणाले. "पावण्याला निरोप द्यायचा तर असा!" काहील सुटली, आणि गोल फिरताना बेट जेव्हा जेव्हा समोर आलं तेव्हा तेव्हा आमच्या दादांनी एका हातानं मला गुडघ्यात दाबून धरून दुसऱ्या हातानं बेटाला कडक सलाम ठोकला. प्रत्येक सलामाला तिकडून आरोळी. मी हसत होते की रडत होते, मला सांगता यायचं नाही. पोट दुखत होतं एवढं नक्की.

मारुतीचं तोंड नुसतं उजळलं होतं. नदीच्या मध्यावर तो म्हणाला, "मामा, जरा हिकडं सरून बसा, भार बरूबर व्हईल."

"मामा?" दादा म्हणाले. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. "मी तुजा मामा कवापासनं रं?"

"आत्ताच न्हवं का? तुमी भोपळा बांधलासा की."

दादा त्याच्याकडं बघत राहिले. मारुती त्यांच्याकडं बघत राहिला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यानं वल्हं थांबवलं. "तुमाला कुणी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. आणि त्यानं सगळं सांगितलं, पारूवहिनीनं मला सांगितलं तसं, एक शब्द कमी न करता. काहील वाऱ्यावर आपली आपण फिरत होती. बेट, काठ, बेट, काठ. आक्काचा हात हळूच तिच्या छातीवरच्या सुतळीवर गेला होता आणि तिथंच राहिला होता.

"ठावं नसताना बांधलेलं खरं न्हाई, सायेब," मारुती म्हणाला. मामाचा पुन्हा साहेब झाला होता. "तुमी सोडा. परत जाऊन मी सांगतो, चूक झाली म्हणून. कोण काय म्हणायचं न्हाई."

दादांनी हात पुढं केला. तो गाठीपर्यंत पोचायच्या आत आक्का बोलली.

"हितं नगा सोडू, दादा. बुडंन की मी."

बोलताना तिच्या आवाजात हसू होतं आणि डोळे भरून आले होते. दादांनी हात मागं घेतला. "काठावर सोडतो," म्हणाले.

काठ आला. आम्ही उतरलो. पलीकडं बेटावरची माणसं अजून उभी होती, पण आता डबा वाजत नव्हता. त्यांना काहील मध्येच थांबलेली दिसली असणार. दादा आक्काच्या मागं उभे राहिले आणि गाठ शोधायला लागले. सुतळी भिजून घट्ट झाली होती. मी वाळूकडं बघत होते. मारुती पाण्यात गुडघाभर उभा होता, वल्हं हातात, पाठमोरा, कारण त्याला बघवत नव्हतं.

"भ्या न्हाई वाटत तुला?" दादांनी मागूनच विचारलं.

"पाण्याचं?" आक्का म्हणाली. "पाणी नसल्याचं वाटतं, दादा. सपनातबी विहीर आटल्याली दिसती मला. आज घागर भरून वतून दिली मी. दोनदा."

दादांचे हात थांबले. मग त्यांनी गाठ सोडण्याऐवजी सुतळी खांद्यावर जिथं रुतत होती तिथं खालून पदराची घडी सरकवली, काचू नये म्हणून. आणि नदीकडं तोंड करून त्यांच्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "ए गड्या! परत जाताना सांभाळून जा. वारं हाय. आन त्या गण्याला आणशील तवा मधीच एक बुडी दे!"

मारुती वळला. पलीकडं त्यांना शब्द ऐकू गेले नसतील, पण भोपळा पाठीवर तसाच आहे हे दिसलं, आणि डबा पुन्हा सुरू झाला.

आक्का भोपळा बांधूनच एसटीत चढली. दादांनी सोडला नाही आणि सोड म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. अख्खी गाडी वळून बघत होती. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं लगेज लागंल." दादा म्हणाले, "दागिना हाय त्यो पोरीचा. दागिन्याचं लगेज घेतोस व्हय?" कंडक्टर दादांच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या मिशांकडं बघत पुढं गेला. आक्काला टेकता येत नव्हतं, म्हणून ती सगळी वाट ताठ बसून होती, खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच हसत. कृष्णेची हिरवळ मागं पडली, माळ सुरू झाला, बाभळी आल्या, तरी तिचं हसू जाईना. आता तिथं पूल झालाय. आक्काचे नातू मोटारसायकलवरून भुर्रकन बेटावर जातात आणि काहील म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागतं. पण आक्का माझ्याकडं आली की अजून खिडकीपाशी तशीच ताठ बसते, आणि मी लगेच म्हणते, "टेक की, भोपळा काढलाय आता!"

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आईनं दारातच विचारलं, "पाठीला काय हे?" मी एका श्वासात सगळं सांगितलं, काहील, दाहिने, खरडा, हळद, सलाम. आई ऐकता ऐकता उंबऱ्यावर बसली, पदर डोळ्यांना लावला, पदराआड हसत होती की काय ते तिचं तिला माहीत. घरात पाणी नव्हतं. आई म्हशीत गुंतलेली, दिवसभर आणायला कोण होतं? आक्कानं सवयीनं भोपळ्यासकट घागरी उचलल्या, एकीत एक घातल्या, तीच किणकिण झाली, आणि ती दाराकडं निघाली.

दादा मध्ये आले. त्यांनी तिच्या हातातून घागरी काढून घेतल्या. आमच्या गावात बाप्या माणूस घागर उचलत नसे, सुभेदार तर नाहीच. त्यांनी त्या दोन्ही खांद्याला मारल्या आणि चपला घातल्या.

"आवं, कुठं निगालासा?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"पाण्याला," दादा म्हणाले. मग आक्काकडं न बघता, तिच्या पाठीवरची गाठ बोटानं एकदा चाचपून म्हणाले, "तू आता पाणी वाहायची सवय मोड, बाळ."

आणि ज्या विहिरीत ते कधी वाकून बघत नव्हते, तिच्या वाटेला लागले.